मुंजाभाऊचं न बिघडणारं इंजिन

जिंतूरला समुद्र नाही. हे मला ठाऊक होतं, तुम्हालाही ठाऊक आहे, आणि मुंजाभाऊलाही ठाऊक असणार, कारण तो जन्मापासून याच तालुक्यातला. तरीसुद्धा आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीच्या अंगणात, विटांच्या चौथऱ्यांवर एक मोटारबोट उभी असायची आणि तिच्यात सुकाणूचं चाक धरून, भुवयांपर्यंत पिठानं माखलेला मुंजाभाऊ बसलेला असायचा. रस्त्यानं जाणाऱ्यानं विचारलं, "काय चाललंय मुंजाभाऊ?" की चाकावरचा हात न काढता तो सांगायचा, "चाललंय कुठं? उभंच हाय अजून."

दळण झालं की तो बोटीचा भोंगा वाजवायचा. आवाज असा घोगरा, की पहिल्या दिवशी स्टँडवरची माणसं बाहेर येऊन आभाळाकडे बघायला लागली. मग सवय झाली. एक भोंगा म्हणजे ज्वारी, दोन म्हणजे गहू. डाळीच्या पिठाला मात्र तो भोंगा वाजवत नसे. मी कारण विचारलं तर म्हणाला, "बेसन हलकं आसतंय वैनी, त्याला आवाज सोसत न्हाई."

वैनी म्हणजे मी. आज मला नातवंडं आहेत आणि जिना चढताना माझे गुडघे माझ्याआधी बोलतात. पण तेव्हाची वैनी वेगळी होती. मॅट्रिक पास, मास्तरांची बायको, आणि डोळ्यांवर परभणीच्या जत्रेत घेतलेला गॉगल. तो गॉगल ती बाई भाजी आणायलाही लावायची. भोपळा निळा दिसायचा, पण ती हटायची नाही. शिवाय ती होती गंगाखेडची. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेकाठची लेक कोरड्या जिंतूरला दिली, हे ती दर हंड्याला एकदा तरी ऐकवायची. खरं सांगायचं तर गंगेत ती उतरली होती घोट्यापर्यंत, आणि तेव्हाही आईनं मागून वेणी धरून ठेवली होती.

बोट आली ती उन्हाळ्याच्या तोंडाशी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, उलटी. येलदरीच्या धरणावर कधीकाळी बड्या पाहुण्यांना पाणी दाखवायला ती आणली होती म्हणे. पाहुणे आटले, बोट काठावर गंजत पडली आणि शेवटी भंगारात निघाली. लिलावाला आलेले बाकीचे लोक पत्रा बघायला आले होते. बोट बघायला एकटा मुंजाभाऊ गेला होता.

उलटी असल्यामुळे गल्लीला ते काय आहे तेच कळेना. कुणी म्हणालं, नव्या नमुन्याची पाण्याची टाकी. कुणी म्हणालं, नाटकातलं सामान. समोरची गोदूआजी तर कुंकवाचा करंडा घेऊन आली, न जाणो देवाधर्माचं काही असलं तर. तेवढ्यात मी गॉगल लावून ओट्यावर आले आणि म्हणाले, "अहो, मोटारबोट आहे ही! आमच्या गंगाखेडला काय थोड्या पाहिल्यात?"

गंगाखेडला मी एकही मोटारबोट पाहिली नव्हती. पैलतीराला जाणारी एक लाकडी नाव होती आणि तिच्यातही मला कधी बसू दिलं नव्हतं, कारण मला बैलगाडीतसुद्धा उलटी व्हायची. पण वाक्य तोंडातून निघून गेलं होतं. मुंजाभाऊनं ट्रॉलीवरून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी आकाशातून उतरले होते.

"वैनी, आसं म्हणा की! मंग तुमी सांगायचं आन् म्या करायचं."

घरात आल्यावर मास्तरांनी विचारलं, "तुला पोहता येतं?"

"बोटीत बसणाऱ्याला कशाला यायला हवं?"

मास्तर गणित शिकवायचे. हे उत्तर बरोबर की चूक हे ठरवता न आल्यामुळे ते पेपर तपासायला बसले.

दुसऱ्या दिवशी मी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर गेले आणि विचारलं, "पण मुंजाभाऊ, तुम्हाला बोट कशाला हो?"

"पंचमीला पाण्यात पायजे. अक्काला माहेरी न्यायचंय."

मग पट्ट्याच्या फटफटीत ओरडून ओरडून त्यानं मला जे सांगितलं ते असं. मुंजाभाऊचं गाव बोरसावंगी. पूर्णा नदीच्या काठी होतं. धरण झालं, पाणी चढलं, गाव पाण्याखाली गेलं. माणसं चार दिशांना पांगली, आईबाप पुढं वारले, मुंजाभाऊनं जिंतूरला गिरणी टाकली. लग्न केलं नाही. का केलं नाही विचारलं तर म्हणायचा, "करणार होतो. त्याच साली पट्टा तुटला." सख्खं म्हणावं असं माणूस एकच, थोरली बहीण कौसाअक्का, चारठाण्याला दिलेली. आमच्या भागात नागपंचमीला लेकीला माहेरी आणायला घरचा जो पुरुष जातो, त्याला मुराळी म्हणतात. नाकातला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून मुंजाभाऊ अक्काचा मुराळी. गाव बुडाल्यावरही तो दर पंचमीला चारठाण्याला जायचा, आणि अक्का दर पंचमीला त्याला दारातूनच परत लावायची.

"कुठं न्यायलास मला? गिरणीवर? गिरणी काय माहेर आसतंय व्हय रे? पट्ट्याला झोका बांधू का? बोरसावंगीला न्यायचं आसंल तर बोल. आत्ता लुगडं बदलते."

मग हा चहा पिऊन एसटीनं एकटाच परत.

दुसरा कुणी असता तर ते दुःखाचं बोलणं आहे असं समजून गप्प बसला असता. मुंजाभाऊला ती अट वाटली.

"आन् अक्का थकायलीय आता," तो म्हणाला. "औंदा न्हाई झालं तर मुराळी म्हणून माझा काय उपेग?"

"अहो, पण समजावून सांगा ना त्यांना."

मुंजाभाऊनं इंजिनाच्या टाकीवर हात ठेवला. त्याचं ठरलेलं वाक्य तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं. "माणसाला समजावता येत न्हाई वैनी. इंजिनाला येतं."

अशी आमची कामाला सुरुवात झाली. 'आमची' म्हणजे राबणारा तो आणि सांगणारी मी.

पहिला प्रश्न, बोट गळते का? हे बघायला पाण्यात टाकावी लागते, आणि पाणी होतं कोसांवर. गॉगलमागून मी थोडा विचार केला आणि तोडगा सांगितला, "सोपं आहे. बोटीत पाणी भरा. आतलं पाणी बाहेर आलं नाही, तर बाहेरचं पाणी आत येणार नाही."

आज हे लिहितानाही मला त्या बाईचं कौतुक वाटतं. एवढं बिनचूक चुकायला अंगी गुण लागतात.

हापशापासून गिरणीपर्यंत गल्ली ओळीनं उभी राहिली आणि घागरीवर घागर बोटीत रिकामी होऊ लागली. बोट एखाद्या चाळणीसारखी चहूबाजूंनी गळायला लागली. खिळ्याखिळ्यातून धारा. खाली सांडलेलं पीठ त्यात भिजलं आणि गिरणीच्या अंगणात गुडघाभर कणीक तयार झाली. गोदूआजीची शेळी तिच्यात रुतली. तिला चौघांनी ओढून काढली तेव्हा ती तोंड पुसत आली, म्हणजे तिची काही तक्रार नव्हती.

"छेदं बुजवायला काय लावतात गंगाखेडला?" मुंजाभाऊनं विचारलं.

आमची आई फुटक्या रांजणाला उडदाचं पीठ लावायची. मी छातीठोकपणे सांगितलं, "उडदाचं पीठ."

त्यानं उडीद दळले, चुन्यात कालवले, वर डांबर चोपडलं. आठवडाभर गल्लीला वड्यांचा आणि सडकेचा असा मिळून वास येत होता. पुन्हा पाणी भरलं. आणि काय सांगू, थेंब गळेना! मी ओट्यावर अशी उभी राहिले की जणू धरण मीच बांधलं. पण आता नवाच पेच आला. वैशाखातलं एवढं पाणी फेकायचं कसं? कुणाला धीर होईना. मग बोटीत हंडे बुडायला लागले. सकाळी पिण्याचं, दुपारी धुण्याचं अशा पाळ्या लागल्या. त्या उन्हाळ्यात अख्ख्या जिंतुरात पाण्याची ओरड होती, आणि आमच्या गल्लीत बायका बोटीच्या काठावर बसून गोधड्या धूत होत्या. बोट पाण्यात असते एवढंच जगाला माहीत. पाणी बोटीत असतं हे आम्ही करून दाखवलं.

बोटीचं स्वतःचं इंजिन उघडलं तर आत खारीनं संसार मांडला होता. मुंजाभाऊ पाना घेऊन तसाच मागं सरला. पिल्लं उड्या मारत निघून जाईपर्यंत त्यानं इंजिनाला हात लावला नाही, आणि गेल्यावर लावला तेव्हा कळलं की आत खारीखेरीज चालणारं काहीच नव्हतं.

मग त्यानं जे केलं ते ऐकून मास्तरांचा पेपर तपासायचा पेन खाली पडला. त्यानं गिरणीचं इंजिन उचलून बोटीत बसवलं. तिथून पट्टा काढला तो गिरणीच्या खिडकीतून थेट जात्याला. म्हणजे आता बोट चालू केली की गल्लीची ज्वारी दळायची. बायका आपली पाळी येईपर्यंत बोटीतल्या बाकांवर टेकायच्या आणि इंजिनाच्या धक्क्यांनी थरथरत गप्पा मारायच्या. एकेक शब्द चार-चारदा ऐकू यायचा. सासूची चुगली करायला ती जागा कामाची नव्हती.

या इंजिनाविषयी मुंजाभाऊ फार हळवा होता. गिरणी टाकल्यापासून ते एकदाही मधेच बंद पडलं नव्हतं. देवापुढं लावतात तशी त्याच्यापुढं उदबत्ती असायची. एकदा आमच्या मागच्या आळीतली शांताबाई सहज म्हणाली, "भाऊ, लवकर दळा, मधीच बंद पडलं तर माझा सैपाक ऱ्हाईल." मुंजाभाऊनं पट्टा उतरवला. अर्धं पीठ, अर्धी ज्वारी तशीच तिच्या डब्यात ओतली आणि डबा तिच्या डोक्यावर ठेवला.

"जे इंजिन बंद पडतंय तिथं आपुन दळत न्हाई ताई. दुसरीकडं बगा."

शांताबाई भांडभांड भांडली, पण तो ढिम्म. शेवटी मी मधे पडले आणि शांताबाईनं इंजिनाची माफी मागितली. माणसाची नाही, इंजिनाची. तेव्हा कुठं उरलेली ज्वारी दळली गेली.

राहता राहिलं नाव. बोट रंगवायला मिलिंद पेंटर आला. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागची फुलं काढणारा, बौद्धवाड्यातला, हडकुळा आणि बोलण्यात तिखट. निळा रंग देऊन झाला आणि त्यानं विचारलं, "नाव काय टाकू?" झालं! गोदूआजी म्हणाली गंगा. शांताबाई म्हणाली महालक्ष्मी. मी एक इंग्रजी नाव सुचवलं, ते काय होतं हे मी नातवंडांनाही सांगितलेलं नाही. आवाज चढले. ती नामांतराची वर्षं. विद्यापीठाला नाव द्यायचं की नाही यावरून सगळा मराठवाडा धुमसत होता. बंद पुकारला की एसट्या थांबायच्या, आणि मागं कुठं कुठं घरं जळली होती त्याची राख माणसांच्या बोलण्यातून अजून उडायची. मिलिंदनं ब्रश तेलात बुडवला आणि शांतपणे म्हणाला, "बाई, या मुलखात नाव देणं लय अवघड काम हाय. म्या रंग देतो. नावाचं तुमी मिटवा, मंग हाक मारा."

मी गॉगल काढून पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

सगळ्या पांगल्यावर मुंजाभाऊ मिलिंदला घेऊन बोटीच्या पलीकडच्या अंगाला गेला. काय ठरलं ते आम्हाला कळलं नाही, कारण नावाच्या जागेवर त्यांनी पोतं बांधून टाकलं.

पंचमी जवळ आली. आमच्याकडे पंचमीला काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, दळायचंही नाही. म्हणून गिरणी बंद, इंजिन मोकळं, आणि पट्टा जात्याऐवजी बोटीच्या पंख्याला. मुंजाभाऊनं हे सगळं धरूनच बेत केला होता. पण आदल्या दिवशी, बोट ट्रॉलीत चढवताना, गोदूआजी आडवी आली.

"आन् मुंजा, पंचमीला काई चिरू नाई म्हणतेत. बोट पानी चिरती का नाई?"

ट्रॅक्टर थांबला. मुंजाभाऊचा चेहरा पिठाखालीही पांढरा पडलेला दिसला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गंगेकाठची मी एकटीच.

"बोट पाणी चिरत नाही आजी," मी म्हणाले, "बाजूला सारते."

"आन् त्यो पंखा?"

"तो घुसळतो. पंचमीला ताक करता की नाही तुम्ही?"

आजीनं क्षणभर तोंड हलवलं, मग बाजूला झाली. त्या दिवशी मी शास्त्रात भर घातली आहे, कुणी नोंद घेतली नाही एवढंच.

पंचमीच्या सकाळी आम्ही धरणाच्या मागच्या अंगाला, जिथं मासे धरणारे आपल्या नावा ओढून ठेवतात, तिथं पोचलो. मासेवाल्यांनी कामं टाकून हे ध्यान बघितलं. मुंजाभाऊ चारठाण्याहून अक्काला घेऊन आधीच आला होता. अक्का उंच, वाळलेली, हिरवं लुगडं, हातात लाह्यांची पिशवी. ती यायला तयार कशी झाली विचारलं तर म्हणाली, "ह्यो बुडायलाय ते बगायला घरचं माणूस नगं का कुणी?"

बोट पाण्यात ढकलली. बुडाली नाही. त्या क्षणी सगळ्यांत जास्त आश्चर्य मलाच वाटलं असावं.

"चल अक्का."

"म्या न्हाई. डोस्कं फिरलंय तुजं. गाव कुठं, आपुन कुठं?"

मुंजाभाऊनं बोटीच्या नाकावरचं पोतं सोडलं. पिवळ्या पट्टीवर काळी ठसठशीत अक्षरं, हुबेहूब एसटीच्या पाटीसारखी. अक्काला वाचता येत नव्हतं. तिनं मला विचारलं, "काय लिवलंय?"

"जिंतूर–बोरसावंगी," मी वाचलं.

गाव उठलं तेव्हा एसटीची ती पाटीसुद्धा कुणीतरी उतरवून नेली होती. त्यानंतर ते नाव लिहिलेलं कुठंच नव्हतं. अक्का पाण्यात दोन पावलं गेली, ओल्या हातानं अक्षरं चाचपली. मग पदर खोचला, उजवा पाय आधी टाकून बोटीत चढली आणि बाकावर बसत म्हणाली, "थांबती न् पर तिथं? का पुढं नेऊन उतरवती?"

आम्ही तिघंच निघालो. मास्तर काठावर सगळ्यांच्या चपला घेऊन थांबले. घरातलं एक माणूस वाचलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. फटफट करत इंजिन निघालं. मी गॉगल लावून, बोटीच्या नाकाशी उभी राहून, एक हात कमरेवर ठेवला होता. ही ऐट साधारण शंभर हात टिकली. मग मी काठावर वाकले आणि सकाळचा चहा, लाह्या आणि गॉगल असं सगळं धरणात गेलं.

"वैनी, गंगेला आसं व्हत न्हाई का?" मुंजाभाऊनं अगदी काळजीनं विचारलं.

म्हसोबाची टेकडी तेवढी पाण्याबाहेर डोकं काढून होती. तिच्यावरून अंदाज घेत मुंजाभाऊनं बोट वळवली आणि कंडक्टरसारखा सांगायला लागला. "ही डावीकडं पाटलाची गल्ली. ही इहीर, हात बाहेर काढू नगा. ह्यो मारुतीचा पार. आता वेस आली, जरा वाकून बसा."

अक्का वाकली. मुंजाभाऊ वाकला. चाळीस हात खाली असलेल्या वेशीला डोकं लागू नये म्हणून, देवाशप्पथ, मीही वाकले.

"आन् ह्यो आपला गुरांचा वाडगा. ह्यो लिंब."

आणि इंजिन बंद पडलं.

एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. चारी बाजूंनी पाणी आणि मधे एक पिठाची गिरणी. मी ओरडले, "मुंजाभाऊ!" त्यानं हँडल फिरवलं, झाकण उघडलं, कपाळावर हात मारला. "बिघडलं. टाइम लागंल." मी रामनाम सुरू केलं.

अक्का मात्र काठाशी सरकून खाली बघत होती. हिरवट पाण्यात काहीच दिसत नव्हतं. तिनं मूठभर लाह्या पाण्यावर टाकल्या. थोड्या वेळानं मासे वर आले आणि तोंडं उघडून लाह्या खायला लागले.

"बग रे मुंजा, गाव जेवायला आलं," ती म्हणाली. "ही बारकी आपल्या तात्याच्या घरची दिसायलीत. पैले पंक्तीला पळणारी."

वाऱ्यानं लाटा उठत होत्या. बोट इकडून तिकडं, तिकडून इकडं झुलत होती. माझा जीव प्रत्येक हेलकाव्याला वर यायचा. अक्कानं दोन्ही हातांनी बाक धरला, डोळे मिटले, पाय उचलून लांब केले आणि त्या हेलकाव्यात स्वतःचा रेटा मिसळला. बोट आणखी झुलली.

"मुंजा, जोरानं दे की रे."

लहानपणी पंचमीला त्याच कडुलिंबाला झोका बांधायचे आणि धाकटा भाऊ मागून ढकलायचा. आताचा धाकटा भाऊ टकलावर पीठ घेऊन बोटीच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर उड्या मारायला लागला. अक्का हसत होती, काहीतरी गुणगुणत होती. मी बाकाखाली.

बाकाखाली होते म्हणूनच मला ते दिसलं. डिझेलच्या नळीची चावी बंद होती. आपोआप होत नाही ती बंद, हातानं पिळावी लागते.

मी वर बघितलं. उडी मारता मारता मुंजाभाऊ थांबला. माझ्याजवळ वाकला, झाकणात काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाला, "वैनी, माहेरी आलेली लेक पाय धुवून लगेच माघारी जात नसती. चार दिस ऱ्हाती. इथं चार दिस कुठून आणू?"

मी चावीकडे पाठ केली.

"कुणी विचारलं तर म्हणा, बिघडलं."

ऊन कलेपर्यंत इंजिन दुरुस्त होत राहिलं. अक्कानं माहेरच्या सगळ्यांची चौकशी केली, गेलेल्यांचीसुद्धा. लिंबाच्या जागी हळदकुंकू सोडलं. मुंजाभाऊनं पिशवीतून खण आणि बांगड्या काढल्या, त्या तिनं तिथंच हातात भरल्या. मग तिनं स्वतःच पदर सारखा केला आणि म्हणाली, "चल आता. घरी गुरं वाट बगत आसतील." चावी उघडली, हँडल फिरलं, इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं.

काठावर मास्तर सगळ्यांच्या चपला छातीशी धरून रडत होते. माझीच चप्पल त्यांनी वरती ठेवली होती, हे मी लक्षात ठेवलं आहे.

जिंतुरात ही बातमी आमच्याआधी पोचली होती. मुंजाभाऊचं इंजिन भर धरणात बंद पडलं! शांताबाई तर वाटच बघत होती. रिकामा डबा काखेत घेऊन ती गिरणीवर आली. "काय भाऊ, म्हणं बंद पडत न्हाई?" मी ओट्यावरून बघत होते. इंजिनासाठी अर्धी ज्वारी परत करणारा हा माणूस.

मुंजाभाऊनं पट्टा चढवला. "इंजिन हाय ताई. बिघडतंय."

त्यानंतर दर पंचमीला बोट जायची आणि दर पंचमीला इंजिन बरोबर त्याच जागी बिघडायचं. पोरं त्याला चिडवायची, पाव्हणे हसायचे, एका व्यापाऱ्यानं तर नवं इंजिन घ्यायचा सल्ला दिला. मुंजाभाऊ मान हलवायचा. एकदा मी चारठाण्याला गेले होते तेव्हा अक्कानं मला चहा दिला आणि कपातच बघत म्हणाली, "माज्या भावाचं इंजिन लय गुणाचं हाय बाई. रस्त्यात कदी बिघडत न्हाई. माहेर आल्यावरच बिघडतंय."

तिला कळलं होतं. पहिल्याच दिवशी कळलं असणार.

अक्का गेली ती एका उन्हाळ्यात. त्या वर्षीच्या पंचमीलाही बोट ट्रॉलीत चढली. गिरणी बंद होती, बरोबर कुणी नव्हतं, आणि मीही गेले नाही. कुणी बोलावलं नव्हतं आणि विचारायचा धीर झाला नाही. दुपारी लवकरच ट्रॅक्टरचा आवाज आला. मी ओट्यावर आले. मुंजाभाऊ बोटीतून उतरून पट्टा घडी करत होता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "लवकर आलात? बिघडलं नाही का?"

"न्हाई वैनी," तो म्हणाला. "औंदा न्हाई बिघडलं."